रक्तातली खूण आणि राजमतीची पाठ

मी जन्मभर लोकांच्या दंडाला रबरी नळी बांधत आले. त्यामुळे लग्नाला गेले तरी माझी नजर बायकांच्या दागिन्यांकडे जायच्या आधी कोपराच्या आतल्या शिरेकडे जाते. एका नवरीला तर मी बोहल्यावरच म्हणाले होते, "काय छान शीर आहे गं तुझी!" तिच्या सासूनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, ही खोड काही सुटत नाही.

बेळगावातल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. साखर, हिमोग्लोबिन, मलेरिया हे रोजचं दळण. ते पोटासाठी. जीव अडकला तो दुसऱ्याच एका कामात, ऐंशी सालाच्या आगेमागे. तेव्हा आमच्याकडे एक डॉक्टर आले. कारवारकडचे, उंच, खांद्याला कायम झोळी. मराठी चांगलं बोलायचे, पण रागावले की वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपायचं. त्यामुळे आपल्याला नेमकं काय म्हणून शिव्या बसल्या, हे पुष्कळांना कळतच नसे.

डॉक्टर एका आजाराच्या मागे लागले होते. नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. आमच्या वॉर्डबॉयनं त्याचं 'अंकली स्टेशन' करून टाकलं होतं आणि शेवटपर्यंत आम्ही आपसात तेच म्हणत होतो. आजार ऐन तारुण्यात धरतो. कमरेत, माकडहाडाच्या वर, आतून जळत राहतं. सकाळी उठताना पाठ लाकडासारखी. बाकीची दुखणी विश्रांतीनं बरी वाटतात, हे नेमकं उलटं. पडून राहिलं की आखडतं, कामाला लागलं की सुटतं. वर्षानुवर्षं असं जळून जळून शेवटी मणके एकमेकांना चिकटतात आणि माणूस वाकतो तो वाकतोच. खेडोपाडी लोक म्हणायचे, अंगात वात भरला. भरला म्हटलं की विषय संपला, कारण भरलेला वात काढायचा कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याआधी काही वर्षं मोठ्या देशांतून बातमी आली होती की या आजाराच्या बहुतेक रोग्यांच्या पांढऱ्या पेशींवर एक ठरावीक खूण सापडते. बी सत्तावीस. आईबापांकडून येते. युरोपात उत्तरेकडच्या लोकांत ती पुष्कळ, आफ्रिकेत फार कमी. आपल्याकडे? आणि आपल्याकडे म्हणजे तरी कुणाकडे? या टापूत माणसं शेकडो वर्षं शेजारी राहत आली, पण सोयरीक आपापल्या जातीतच. मग रक्तातल्या खुणाही आपापल्या गल्लीतच राहिल्या असतील का? हा डॉक्टरांचा प्रश्न होता. त्यापायी आम्ही एका खडखडत्या जीपमधून शहापूरच्या विणकरांपासून निपाणीच्या तंबाखू कामगारांपर्यंत दारोदार रक्त मागत हिंडलो.

ही तपासणी कशी व्हायची ते सांगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि त्यांच्यावर एक खास सीरम घालायचं. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी. हे सीरम मिळायचं कुठून, तर चार-पाच बाळंतपणं झालेल्या बायकांकडून. पोटातल्या मुलात निम्मा अंश बापाचा. आईचं रक्त तो परका अंश ओळखतं आणि जन्मभर ध्यानात ठेवतं. लेकुरवाळ्या बायकांच्या त्या आठवणीवर आमची सगळी तपासणी चालायची. मला याचा फार अभिमान वाटे. पेशीवर खूण असली तर सीरम तिला धरून मारतं आणि मेलेली पेशी रंग घेते. खूण नसली तर पेशी जिवंत राहते, सूक्ष्मदर्शकाखाली चमकत.

म्हणून सगळी मदार एका गोष्टीवर असे. पेशी आमच्याकडे जिवंत पोचली पाहिजे. आधीच मेलेली असेल तर कुणी मारली ते कसं कळणार? आणि रक्त बर्फात ठेवायचं नाही, गारठ्यानं या पेशी हातच्या जातात. हे लोकांना पटवणं महाकठीण. एकदा शहापूरच्या नळ्या घेऊन मी वाटेत घरी जेवायला थांबले. माझ्या आईनं, उन्हानं खराब होतील म्हणून, नळ्यांना ओलं फडकं गुंडाळलं आणि शेजारच्या सोडावाल्याकडून बर्फ आणून वर ठेवला. दूध नासू नये म्हणून जे करतात तेच. दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तो सगळं मैदान साफ, एकही पेशी जिवंत नाही. आईला सांगितलं तेव्हा ती उलट माझ्यावरच खेकसली, "मग आदी सांगायचं न्हाईस व्हय? मला काय ठावं, रगताला थंडी वाजती!"

शहापूर माझंच. आमच्या गल्लीत मागाचा आवाज थांबला तर माणसं दचकून जागी होत. तिथल्या विणकरांना पाठदुखीचं काही वाटत नसे. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर माग चालवणाऱ्याची पाठ दुखणार नाही तर काय! त्यातलं मागाचं दुखणं कुठलं आणि रक्तातलं कुठलं, हे निवडायचं म्हणजे तांदळातून पांढरे खडे वेचण्यासारखं. एका म्हाताऱ्या विणकरानं तर बाही सरसावायच्या आधीच विचारलं, "पोरी, ह्ये रगत म्हाराष्ट्रात धरणार का कर्नाटकात?" त्या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक पाटी, प्रत्येक शाळा, प्रत्येक एसटी याच प्रश्नावर अडलेली असायची. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हे शिरेत आहे तोवर तुमचं. नळीत आलं की माझं." म्हातारा खूश झाला. म्हणाला, "मग काडा. निदान एक तरी गोष्ट ठरली."

निपाणीला मात्र असं हसण्यावारी गेलं नाही. तिथं एक कांबळे गुरुजी होते, प्राथमिक शाळेतले. त्यांच्या घराण्यात शिकून नोकरीला लागलेले पहिले. धाकटा भाऊ तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा आणि त्याची कंबर धरली होती. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली स्वच्छ सतरंजी. आम्हांला बसवून, चहा देऊन गुरुजींनी शांतपणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमचं रक्त वेगळं निघावं असं वाटतंय का तुम्हाला? न्हाय म्हंजे, वेगळं म्हणून लई वर्षं ऐकत आलोय आमी. आता दुर्बिणीतनं पण तेच बघायचं का?"

डॉक्टरांनी हातातली नळी परत झोळीत ठेवली. मग म्हणाले, "गुरुजी, वेगळं निघेल का सारखं, मला खरंच माहीत नाही. पण तुम्हाला सोडून मोजलं, तर तुमच्या भावासारख्या माणसाचं दुखणं कुठल्याच पुस्तकात येणार नाही." गुरुजींनी कप खाली ठेवला. मग सगळ्यांत आधी स्वतःचीच बाही वर केली. "लिवा मग. बौद्ध म्हणून लिवा. स्पष्ट लिवा." त्यांच्या भावाच्या पेशींवर खूण निघाली. सदलग्याच्या पाटलांच्या पेशींवर निघाली तीच, रंगसुद्धा तोच.

आता त्या पाटलांकडे येते. खरं तर त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय.

भूपालअण्णा पाटील, सदलग्याचे जैन शेतकरी. ऊस, थोडा तंबाखू, दारात बैल. घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली. वयानं पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती, पण पाठीचा नुसता विळा झालेला. मान छातीकडे वळलेली. उभे राहिले की त्यांना आपल्या आणि समोरच्याच्या पायांपलीकडे काही दिसत नसे. आम्ही पहिल्यांदा ओसरीवर चढलो तेव्हा ते म्हणाले, "बर्री, या. ह्ये बूट डॉक्टरांचे. आन् ह्या चपला ज्या बाईंच्या हाईत त्या लई हिंडत्यात, टाचा पार झिजल्यात." मी लाजून पाय मागं घेतले. आयुष्यात माझी इतकी बरोबर ओळख कुणी करून घेतली नव्हती.

अण्णांना सगळं समजून घ्यायचं असे. तपासणी कशी होते ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजे पेशी मेल्याबिगर खूण कळत न्हाय?" नाही म्हटलं. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारं घर ते. अण्णांनी बाही वर सारली. मग हात पुढे केला. "माझ्या मरू देत. पोरास्नी उपेग झाला तर फिटलं पाप."

रक्त घेता घेता डॉक्टर घरातल्या एकेकाला विचारत होते, सकाळी उठल्यावर कसं वाटतं? मोठा मुलगा ठणठणीत. धाकटाही तसाच. मग अण्णांच्या बायकोनं, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, चुलीपुढून सांगितलं, "दुखणं कुनाला न्हाय बगा. ही राजमती तेवडी आळशी. सकाळी वडून उटवाय लागती. रांगत रांगत न्हाणीत जाती. एकदा कामाला लागली की मग काय न्हाय, दोन घागरी घिऊन पळती. नुस्ती सोंगं!"

राजमती उंबऱ्यात उभी होती. एकोणीस-वीस वर्षांची, लांब वेणी, ओठ दाबून हसणारी. आईचं बोलणं तिनं रोज ऐकलं असणार, कारण तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. डॉक्टरांचा पेन मात्र थांबला. त्या काळी पुस्तकांत हा पुरुषांचाच आजार म्हणून लिहिलेला. बायकांत क्वचित, आणि तोही सौम्य. डॉक्टरांनी तिला जवळ बोलावलं, भिंतीला टाचा लावून उभी राहा म्हणाले. टाचा टेकल्या, पाठ टेकली, डोकंही टेकलं. वाकता मात्र येईना. पायांच्या अंगठ्यांकडे हात नेताना कंबर एकाच तुकड्यात हलत होती.

अण्णांना तिचं तोंड दिसत नव्हतं. त्यांनी फक्त तिची पावलं पाहिली असतील, भिंतीला लागलेली. आणि सगळं ओळखलं. "हिला पण?" एवढंच म्हणाले.

बेळगावला आणून एक्स-रे काढला. खूण निघाली. खूण असणं म्हणजे आजार नव्हे. ज्यांच्यात ती सापडते त्यांतले बहुतेक लोक कधीच आजारी पडत नाहीत. अण्णांच्या मोठ्या मुलातही ती होती आणि तो आज नातवंडांत खेळतोय. राजमतीच्या बाबतीत मात्र आजारानं आत पाय टाकला होता. डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं, "बरा होणार नाही. पण वाकू द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे." तुमच्या वेळी कुणी सांगायला नव्हतं, हे ते बोलले नाहीत. अण्णांना पूर्वी एका वैद्यानं झोपून राहायला सांगितलं होतं, आणि ते बिचारे आज्ञाधारकपणे झोपून राहिले होते. झोपेतच पाठ जुळली.

उपाय साधे होते. दुखणं वाढलं तर गोळी, आणि रोजचा व्यायाम. पोहणं सर्वांत उत्तम, असं डॉक्टर बोलून गेले आणि आक्कांनी तोंडाला पदर लावला. पोरगी दूधगंगेत? मग उरलं ते भिंतीला उभं राहणं, श्वास भरून छाती फुलवणं, आणि रोज सकाळी पालथं पडून राहणं. अंगाच्या वजनानं पाठ सरळ राहते. एवढं जन्मभर.

आणि राजमतीचं लग्न ठरलेलं होतं. चिकोडीकडचं व्यापारी घराणं, माणसं चांगली. आक्कांचं म्हणणं सरळ होतं, कुणाला काही बोलायचं नाही. पोरगी ताठ दिसतीय, दिवस उलटू देत. अण्णांनी ऐकलं नाही. "लपवून दिलेली पोरगी जलमभर वाकूनच ऱ्हाती," ते म्हणाले. "पाठ कशी का असंना."

त्यांनी मुलाकडच्यांना बोलावून घेतलं आणि आम्हांलाही निरोप पाठवला. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. मग अण्णांनी सगळं सांगितलं. स्वतःकडे बोट दाखवून, "ह्ये असं हुईल न्हाय हुईल सांगता येत न्हाय, पर हुऊ नये म्हणून रोज सकाळी तिला तिचा येळ द्यावा लागंल." डॉक्टरांनी खुणेचं समजावलं. पुढं मुलांतही येऊ शकते, निम्म्याला येईल, निम्म्याला येणार नाही, आली तरी आजार होईलच असं नाही. मी मनात म्हटलं, संपलं. रक्तात काही निघालं म्हटल्यावर कोण सोयरीक ठेवील?

मुलाची आई, पद्माआक्का, भारी देहाची, बोलायला तोडून टाकणारी बाई. तिनं खुणेबिणेकडे लक्षच दिलं नाही. "त्ये रगतातलं ऱ्हाऊ द्या वो. कुनाच्या रगतात काय न्हाय? माज्या नवऱ्याच्या रगतात राग हाय, तो कुटं तपासला मी?" मग डॉक्टरांकडे वळून विचारलं, "पर पालथी पडून ऱ्हाती म्हंजे कशी? रोज? आमच्यात बाईमाणसाची छाती भुईला लागत न्हाय. देवाला नमस्कार सुदिक आमी गुडघ्यावर बसून करतो. नवी सून भल्या सकाळी भुईवर पालथी, ह्ये बगून म्हाताऱ्या सासऱ्यानं काय म्हणायचं?"

डॉक्टरांना हे अपेक्षित नव्हतं. ते शास्त्र सांगू लागले, आवाज चढला, वाक्य कानडीत शिरलं. पद्माआक्कांना कानडी त्यांच्यापेक्षा चांगली येत होती, त्यांनी जागच्या जागी परतफेड केली. मुलाचे मामा खोकायला लागले. सारा जन्म खुणा शोधायच्या, आणि पोरीची पाठ अडायची कुठं, तर रिवाजात! आत सैपाकघरात राजमती भांडी घासत होती. तो आवाज थांबला होता.

तेव्हा अण्णा बोलले. खाली बघूनच. "छाती भुईला लागू नये, असं हाय न्हवं?"

"व्हय."

"मग वाकळंवर पडली तर? भुईला कुटं लागली? वाकळंला लागली."

पद्माआक्कांनी अण्णांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. त्या काय बघत होत्या हे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मग पदर सावरून म्हणाल्या, "जाड पायजे मग. पातळ वाकळंतनं भुई लागती. माझी लुगडी हाईत जुनी इरकली, धा-बारा. मीच शिवतो तिला वाकळ. माडीवर पड म्हणावं, तकडं कोण येत न्हाय." आणि मामांकडे वळून, "खोकू नगा आता. सुपारी फोडा."

जीपमध्ये बसल्यावर डॉक्टर कितीतरी वेळ आपल्याशीच हसत होते. मला म्हणाले, "सगळा जीनचा अभ्यास एकीकडे आणि ती वाकळ एकीकडे." त्यांना इतकं आनंदात मी पुन्हा पाहिलं नाही.

अभ्यास पुढं मिटला. जातवार तुलना करायची तर माणसं फार हवीत, आमच्याकडे होती ती थोडी. ठामपणे म्हणता आलं ते एवढंच की ज्या ज्या घरांत आम्ही गेलो तिथल्या बहुतेक रोग्यांत तीच खूण होती, आणि काहींत नव्हतीसुद्धा. निपाणीच्या गुरुजींना मी हे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे दुखणं जात बघत न्हाय. बरं झालं, कुनीतरी हाय तसं." डॉक्टर बदलून दूर गेले आणि नंतर ते गेल्याचीच बातमी आली. ज्यांत पेशी आणि सीरम एकत्र करायचो त्या लहान लहान खळग्यांच्या तबकड्या लॅबच्या आवराआवरीत कुठं गेल्या कोण जाणे.

आता ही तपासणी एका नळीत होते. पेशी मेलेली असली तरी चालते, रक्त कुरिअरनं जातं. कुणाच्या ओसरीवर चढावं लागत नाही, चपलांवरून कुणी ओळखत नाही. चांगलंच आहे, पेशंटचा त्रास वाचतो. पण मला त्या जीपची, चिकोडीच्या रस्त्यावरच्या धुळीची, जिवंत पेशी मांडीवर घेऊन घाईघाईनं परत येण्याची इतकी ओढ लागते की कधी कधी भर दुपारी उगाच बसस्टँडवर जाऊन निपाणीची गाडी लागलेली बघून येते. चढत नाही. कुणाकडे जाणार? त्या दारांमागची पुष्कळ माणसं आता नाहीत.

अण्णांकडे मी शेवटची गेले ते डॉक्टर बदलून गेल्यानंतर, एकटीच, एसटीनं. राजमती पहिल्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. अण्णा खूप थकले होते. छातीचा भाताही आखडला होता, बोलताना दम लागे. मला म्हणाले, "बाई, एक काम करा. सगळी म्हणत्यात पोरगी चांगली हाय. माजं मन राखाय म्हणत असतील. मला तिची पावलं दिसत्यात, वरचं काय दिसंना. तुमी तपासून सांगा."

मी राजमतीला भिंतीला उभी केली. टाचा, पाठ, डोकं. डोक्यामागं बोट घालून पाहिलं, बोट शिरलं नाही. खांदे सरळ, मान ताठ. "अण्णा, बोटाला जागा नाही," मी सांगितलं. "लिंबाच्या झाडासारखी उभी आहे."

राजमती भिंतीपासून निघाली आणि बापासमोर खाली बसू लागली. त्यांच्याशी बोलायचं तर सगळे तसंच करत, जमिनीवर बसून तोंड वर केलं म्हणजे त्यांना चेहरा दिसे. अण्णांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बसू नगंस गं," ते म्हणाले. "हुबीच ऱ्हा."

ती उभी राहिली. आणि अण्णा तिच्या पावलांकडे पाहत बसून राहिले.